कुणाशी न जुळणारे वायू

वायरमन खिशातून टेस्टर काढतो, त्याचं टोक सॉकेटमध्ये घालतो, मागच्या धातूच्या टोपीवर बोट टेकवतो आणि दांड्यातला इवलासा दिवा नारिंगी होतो. फेज आली. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण टेस्टरमध्ये सेल नसतो, त्या दिव्यात तार नसते आणि बोट टेकवणाऱ्याला झटकाही बसत नाही. मग पेटतं काय?

पेटत काहीच नाही. त्या काचेच्या कुपीत निऑन वायू अगदी कमी दाबाने भरलेला असतो आणि त्यात दोन धातूचे तुकडे एकमेकांजवळ बसवलेले असतात. दांड्यात एक मोठा रेझिस्टन्स असतो. तो वीज इतकी अडवतो की मिलिअँपिअरच्या छोट्याशा अंशाएवढाच प्रवाह कुपीतून आणि आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो. तो आपल्याला जाणवतही नाही, निऑनला मात्र चमकायला पुरतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा टेस्टर आजही तसाच चमकतो, कारण त्यातला निऑन खर्च होत नाही.

हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन हे आवर्तसारणीच्या उजव्या टोकाच्या उभ्या रांगेतले राजवायू. शाळेच्या पुस्तकात 'हे कुणाशी संयोग पावत नाहीत' एवढ्या वाक्यावर त्यांची बोळवण होते. खरं तर तिथून पुढेच त्यांची गोष्ट सुरू व्हायला हवी. बल्ब, सिनेमाचा प्रोजेक्टर, चष्मा घालवणारं लेझर, एमआरआयचं यंत्र, भुलेचा वायू या सगळ्यांत हे वायू आहेत, आणि ते तिथे आहेत ते संयोग पावत नाहीत म्हणूनच.

भरलेली पंगत

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन थराथरांनी असतात. या थरांना कवचं म्हणतात. प्रत्येक कवच म्हणजे एक पंगत समजा. सर्वांत आतल्या पंगतीला दोन पाट, बाहेरच्या पंगतीला आठ. बहुतेक मूलद्रव्यांच्या बाहेरच्या पंगतीत काही पाट रिकामे असतात. क्लोरीनचा एक पाट रिकामा, म्हणून तो दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढायला टपलेला. सोडिअमच्या बाहेरच्या पंगतीत एकच जण, म्हणून तो त्याला सोडायला तयार. दोघे भेटले की मीठ होतं. गंजणं, जळणं, आंबणं, पचणं, सगळं रसायनशास्त्र या रिकाम्या पाटांभोवती फिरतं.

राजवायूंची पंगत भरलेली असते. हेलिअमच्या एकुलत्या पंगतीत दोघे, बाकीच्यांच्या बाहेरच्या पंगतीत आठ. कुणी उठायला राजी नाही आणि नव्याने बसायला जागा नाही. म्हणून राजवायूचा अणू एकटा हिंडतो, आपल्याच भावंडाशीही जोडी करत नाही.

पण इलेक्ट्रॉन देणं-घेणं म्हणजे अणूचं सगळं आयुष्य नव्हे. त्याला वजन असतं, तो उष्णता वाहून नेतो, त्याला धक्का दिला तर तो प्रकाश सोडतो, त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग थोडासा वाकतो, त्याच्या केंद्रकाला कधी कधी चुंबकत्वही असतं. राजवायूकडून हे सगळे गुण रासायनिक झंझटीशिवाय मिळतात. पुढचे सगळे उपयोग तिथूनच निघतात.

शंभर वर्षं दुर्लक्षित राहिलेला बुडबुडा

आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का अरगॉन असतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. तरीही १८९४ पर्यंत तो कुणाला माहीत नव्हता. जो कशातच भाग घेत नाही, तो सापडणार कसा?

१७८५ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या. नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून शोषला जात होता. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकल्यावर नळीत एक छोटा बुडबुडा राहिला. तो मूळ नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून मोठा नाही, असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. त्याहून सोपं होतं, प्रयोगातली चूक म्हणून तो सोडून देणं. विज्ञानाच्या इतिहासातली ही नोंद मला फार मोलाची वाटते.

शंभर वर्षांनी लॉर्ड रॅले वायूंची वजनं काटेकोर मोजत होता. हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. हा फरक काही केल्या जाईना. विल्यम रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा नेऊन शोषून घेतला, आणि उरला तो अरगॉन. १८९८ साली रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून एकाच वर्षात क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधून काढले. १९०४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल रॅम्सेला आणि भौतिकशास्त्राचं रॅलेला मिळालं. हाच रॅम्से १९००-०१ च्या हिवाळ्यात जमशेटजी टाटांच्या विनंतीवरून भारतात आला होता. टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी त्याने बंगळूर सुचवलं.

हेलिअमची कथा आपल्या आणखी जवळची आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. ते टिपायला फ्रान्सचा जानसेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला, तर लेफ्टनंट जॉन हर्शल पटवर्धनांच्या जमखंडीत. सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडिअमची असावी असं वाटलं. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकिअरने लंडनमधून, ग्रहण नसताना, ती रेषा तपासली. तिची जागा सोडिअमच्या जागेहून वेगळी भरली. पृथ्वीवर न सापडलेलं एक मूलद्रव्य सूर्यावर आहे, असं अनुमान त्यातून निघालं. रॅम्सेला तेच मूलद्रव्य १८९५ साली एका युरेनिअमयुक्त खनिजात मिळालं.

लॉकिअरला हेलिअम सापडला तो विजयदुर्गच्या किल्ल्यावर, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पण १८६८ साली तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे हेलिअम प्रयोगशाळेत मिळाल्यानंतर तीन वर्षांनी. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' लॉकिअरच्या नावाशी जोडलेले आहेत, आणि त्या मोहिमेचं महत्त्व काही कमी नाही. मात्र तिला चुकीचं श्रेय चिकटवायची गरज नाही.

चौकट: हवेत कोण किती?
कोरड्या हवेच्या १० लाख लिटरमध्ये साधारण:
अरगॉन: ९,३४० लिटर
निऑन: १८ लिटर
हेलिअम: ५ लिटर
क्रिप्टॉन: १ लिटर
झेनॉन: ०.०९ लिटर
(तुलनेसाठी कार्बन डायऑक्साइड: सुमारे ४२० लिटर)

रंग कुठून येतो?

निऑनच्या नळीच्या दोन टोकांना पुरेसा विद्युतदाब दिला की नळीतले सुटे इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतात आणि वाटेतल्या निऑनच्या अणूंवर आदळतात. धक्क्याने पंगतीतला एखादा इलेक्ट्रॉन उठून वरच्या, एरवी रिकाम्या असलेल्या पातळीवर जातो. तिथे तो टिकत नाही. खाली उतरताना तो जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतो. या पातळ्यांमधली अंतरं प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असतात, म्हणून रंगही ठरलेला असतो. निऑनचा लालसर नारिंगी, अरगॉनचा जांभळट, झेनॉनचा निळसर पांढरा. सूर्यावरची ती पिवळी रेषा हेलिअमची खूण ठरली ती याच नियमाने.

हा प्रकाश कोणत्याही वायूतून काढता येईल, मग राजवायूच का? नळीत ऑक्सिजन असता तर त्याने टोकांचा धातूच खाल्ला असता. निऑन प्रकाश सोडून पुन्हा होता तसाच होतो, आणि पुढच्या धक्क्याला तयार राहतो.

फ्रान्सचा जॉर्ज क्लोद हवा द्रवरूप करून ऑक्सिजन विकत असे. त्या कामात निऑन आपोआप हाताशी येई. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने निऑनच्या लांब नळ्या उजळून दाखवल्या, आणि पुढे जगभरातल्या दुकानांच्या पाट्या त्या प्रकाशाने रंगल्या. त्यातल्या निळ्या-हिरव्या नळ्यांत मात्र निऑन नसतो. तिथे अरगॉन आणि पाऱ्याची वाफ असते. आपली जुनी ट्यूबलाइटही तशीच. अरगॉन वीज वाहायला सुरुवात करून देतो, पारा अदृश्य अतिनील किरण सोडतो आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड त्या किरणांचं दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करते.

तारेभोवतीची पहारेदारी

पिवळ्या बल्बमध्ये अरगॉनचं काम अगदी उलट आहे. तिथे त्याने चमकायचंच नाही. टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापलेली असते. हवा आत शिरली तर ती क्षणात जळून जाईल. म्हणून सुरुवातीला बल्बमधली हवा पूर्ण काढून टाकत. पण निर्वात बल्बमध्ये टंगस्टनचे अणू तारेवरून सुटून काचेवर बसत. काच काळी पडे आणि तार झिजून तुटे. १९१३ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूरने बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरायची युक्ती शोधली. तारेवरून निघालेला टंगस्टनचा अणू वायूच्या अणूंवर आपटतो आणि बऱ्याचदा तारेवरच परततो. नायट्रोजनपेक्षा अरगॉन जास्त चांगला, कारण जड अणू मंद असतात आणि उष्णता कमी वाहून नेतात. क्रिप्टॉन त्याहून सरस, पण महाग.

आता दुकानात मिळणारे काचेचे एलईडी बल्ब पाहा, ज्यांत तारेसारख्या पिवळ्या काड्या दिसतात. त्यांत बहुधा हेलिअमयुक्त वायू भरलेला असतो. एलईडीला उष्णता नकोशी असते, आणि हेलिअमचे हलके, चपळ अणू ती अरगॉनच्या आठपट सहज वाहून काचेपर्यंत नेतात. एकाच घराण्यातला एक वायू तारेची उष्णता राखतो, दुसरा बाहेर काढतो.

झेनॉनचा प्रकाश दिवसाच्या उजेडाच्या जवळ जाणारा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये तो, आणि सिनेमागृहांत कार्बनच्या कांड्या बदलत बसण्याचं ऑपरेटरचं काम झेनॉनच्या दिव्यानेच संपवलं.

नॅनोसेकंदांची जोडी आणि चष्म्याचा नंबर

१९६२ साली कॅनडात नील बार्टलेटने झेनॉन, प्लॅटिनम आणि फ्लोरीन यांचं संयुग बनवलं आणि राजवायू कधीच संयोग पावत नाहीत हा समज मोडला. झेनॉन मोठा अणू आहे, त्याची बाहेरची पंगत केंद्रकापासून लांब असते, त्यामुळे फ्लोरीनसारख्या जबरदस्त ओढणाऱ्याला तिथला इलेक्ट्रॉन खेचता येतो. अरगॉन मात्र साध्या परिस्थितीत फ्लोरीनलाही दाद देत नाही.

पण विजेच्या धक्क्याने अरगॉनचा एक इलेक्ट्रॉन वर उचलला, की पंगतीत एक पाट रिकामा होतो. असा चाळवलेला अरगॉन फ्लोरीनशी जोडी करतो. ही जोडी काही नॅनोसेकंद टिकते. इलेक्ट्रॉन खाली येतो, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सुटतो, पंगत पुन्हा भरते आणि दोघे वेगळे होतात. यावर चालणाऱ्या यंत्राला एक्झायमर लेझर म्हणतात.

या प्रकाशाने पेशीजालातले रेणूंचे बंध थेट तुटतात, शेजारचा भाग भाजत नाही. हे १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्यासोबत दाखवून दिलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो किरण चालवला तेव्हा खाच स्वच्छ, धारदार पडली, कडेला करपल्याची खूण नव्हती. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत हाच किरण वापरतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा अगदी पातळ थर, एका झोतात मायक्रॉनच्या पाव भागाएवढा, तो काढून टाकतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कामाची नजाकत कळावी.

मधुमेहाने दृष्टिपटलावर फुटणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करायलाही अनेक वर्षं अरगॉनचाच निळा-हिरवा लेझर वापरला गेला. आता तिथे बहुतेक ठिकाणी दुसरी लेझर आली आहेत.

एमआरआयच्या पोटात

एमआरआयचं चुंबक म्हणजे नायोबिअम-टायटेनिअमच्या तारेची प्रचंड मोठी गुंडाळी. ती अतिशय थंड ठेवली तर तिचा विद्युतरोध शून्य होतो. याला अतिवाहकता म्हणतात. एकदा वीज सोडली की ती बाहेरून पुरवठा न करता वर्षानुवर्षं फिरत राहते. म्हणूनच हे चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, वीज गेल्यावरही चालूच असतं, आणि त्या खोलीत लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर नेणं जिवावर बेतू शकतं.

ही थंडी म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस. तिथे नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन सगळे गोठून दगड झालेले असतात. द्रव राहतो फक्त हेलिअम. त्याचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाने इतके घट्ट धरलेले असतात की एका अणूला दुसऱ्याची ओढ जवळजवळ नसतेच. नेहमीच्या दाबाला तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. हॉलंडमध्ये लायडनला काम्मर्लिंग ओन्नेसने १९०८ साली तो पहिल्यांदा द्रवरूप केला, आणि त्याच थंडीत १९११ साली त्याला पाऱ्यात अतिवाहकता सापडली.

नेहमीच्या एमआरआय यंत्रात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलिअम असतो. चुंबकाची अतिवाहकता अचानक गेली तर गुंडाळी तापते आणि हेलिअम उकळून सातशेपटीहून जास्त जागा व्यापणारा वायू बनतो. तो खोलीत साचला तर ऑक्सिजन ढकलून देईल, म्हणून त्याला छपराबाहेर नेणारी जाड नळी यंत्राला जोडलेली असते.

झोप आणणारा वायू

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट झेनॉनच्या भुलेची वाटते. जो वायू शरीरात कशाशीही रासायनिक संयोग करत नाही, तो माणसाला बेशुद्ध कसा करतो? १९५१ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टुअर्ट कलन आणि एर्विन ग्रॉस यांनी झेनॉनची भूल देऊन शस्त्रक्रिया शक्य असल्याचं दाखवलं. कारणाचा धागा हाती लागला तो १९९८ साली, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये निक फ्रँक्स आणि सहकाऱ्यांच्या कामातून.

झेनॉनमध्ये ५४ इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा ढग मोठा आणि सैल असतो, त्यामुळे तो शेजाऱ्याच्या विद्युतप्रभावाने थोडा वाकतो आणि क्षीण ओढ निर्माण होते. मेंदूतल्या पेशींवर एनएमडीए नावाचे ग्राहक असतात. हे प्रथिनांचे दरवाजे संदेश पुढे जाऊ देतात. त्यातल्या एका खोबणीत झेनॉनचा अणू या क्षीण ओढीने नुसता येऊन बसतो, आणि दरवाजा नीट उघडत नाही. बंध तयार झालेला नसल्याने मास्क काढला की तो आला तसा श्वासातून निघून जातो. यकृताला, मूत्रपिंडाला त्याचं काहीच करावं लागत नाही. तो रक्तात फार विरघळत नसल्याने रुग्ण काही मिनिटांत जागा होतो, आणि हृदयाचं कामही फारसं बिघडत नाही.

इतकी चांगली भूल सगळीकडे का देत नाहीत? चौकटीत पाहा. एक लिटर झेनॉनसाठी कोटीहून जास्त लिटर हवा गाळावी लागते. युरोपात त्याला परवानगी मिळाली आहे, पण रुग्णाने सोडलेला झेनॉन गोळा करून पुन्हा वापरणारी यंत्रणा असूनही खर्च बराच येतो.

फुप्फुसांची तपासणी हा झेनॉनचा दुसरा, अलीकडचा उपयोग. साध्या एमआरआयला शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन दिसतो. हवेने भरलेली फुप्फुसं त्यात काळीच राहतात. झेनॉन-१२९ च्या केंद्रकाला स्वतःचं चुंबकत्व असतं. लेझर आणि रुबिडिअमची वाफ यांच्या मदतीने ही केंद्रकं एका दिशेला वळवून घेतात आणि तो वायू रुग्णाला एका श्वासात घ्यायला लावतात. हवा कुठल्या कोपऱ्यात पोचत नाही ते चित्रात दिसतं. झेनॉनचा काही अंश फुप्फुसाच्या पडद्यातून रक्तात उतरतो. पडद्यात असताना आणि लाल पेशीत असताना त्याचा संकेत वेगवेगळा असतो, त्यामुळे ऑक्सिजनची वाट नेमकी कुठे अडली आहे याचाही अंदाज येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली.

हेलिअमही श्वासाला मदत करतो, मात्र केवळ हलकेपणाने. श्वासनलिका सुजून अरुंद झाली की हवा भोवरे घेत अडखळते. नायट्रोजनच्या जागी हेलिअम घातलेलं मिश्रण हवेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढंच दाट असतं, त्यामुळे ते अरुंद जागेतून सोपेपणाने सरकतं. आल्व्हन बॅराच या अमेरिकन डॉक्टरने १९३४ पासून ते वापरायला सुरुवात केली. याने आजार बरा होत नाही, औषधाला काम करायला वेळ मिळतो.

रेडॉन तेवढा या घराण्यातला घातक. रासायनिकदृष्ट्या तोही अलिप्तच, पण किरणोत्सारी. जमिनीतून बंदिस्त घरात साचून तो श्वासावाटे आत गेला की त्याच्या विघटनातून निघणारे कण फुप्फुसाला इजा करतात. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक प्रमुख कारण मानलं जातं.

हेलिअम येतो कुठून?

१९०३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डेक्स्टर गावी नैसर्गिक वायूची विहीर लागली. गावाने समारंभपूर्वक तो पेटवायचं ठरवलं, पण वायू पेटेचना. कॅन्सस विद्यापीठात तपासल्यावर त्यात बहुतांश नायट्रोजन आणि जवळजवळ दोन टक्के हेलिअम निघाला. पृथ्वीच्या पोटातल्या युरेनिअम-थोरिअमचं कोट्यवधी वर्षं विघटन होत राहतं आणि त्यातून निघणारे अल्फा कण हेलिअमचे अणू बनतात. काही ठिकाणी ते नैसर्गिक वायूसोबत खडकाखाली अडकतात. आजही हेलिअम मिळतो तो अशाच साठ्यांतून, मुख्यतः अमेरिका आणि कतारमधून. आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून येणाऱ्या बुडबुड्यांत एक टक्क्याहून जास्त हेलिअम आहे, पण तो देशाची गरज भागवण्याएवढा नाही.

हवेत सुटलेला हेलिअम इतका हलका असतो की पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही. तो हळूहळू अंतराळात निघून जातो, आणि नवा तयार व्हायला भूगर्भाचा काळ लागतो. त्यामुळे फुग्यात भरलेल्या हेलिअमची मला नेहमी हळहळ वाटते. एमआरआय बनवणाऱ्यांनी यावर विचार केलेला आहे. नव्या यंत्रांपैकी काहींमध्ये हेलिअम कायमचा सीलबंद केलेला असतो आणि त्याचं प्रमाण दीड हजार लिटरवरून सुमारे सात लिटरवर आलं आहे. अशा यंत्राला छपरापर्यंत जाणारी ती जाड नळी लागत नाही. वजनही कमी असल्याने ते रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरही बसवता येतं.